होडी आणि तिचा गाडा

आपल्या ज्ञातिसभेच्या वार्षिक स्मरणिकेत कुलवृत्तान्त, गावोगावच्या देवस्थानांच्या हकीकती आणि कर्त्या पुरुषांची चरित्रे नेमाने प्रसिद्ध होत असतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे एखाद्या व्यक्तीचा वा घराण्याचा इतिहास न ठेवता एका कामाचा इतिहास ठेवू इच्छितो. लाकडी होडीला जमिनीवर नीट बसावयास जागा करून देणे, हे ते काम होय. ज्या घरांत करवत, रंधा, वाकस आणि पटाशी या हत्यारांनी पिढ्यान्पिढ्या भाकरी दिली, त्या घरांतील वाचकांना हा विषय परका वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक भासेल. इंग्लंडसारख्या देशात आज पुष्कळ मध्यमवर्गीय घरांच्या अंगणात शिडाची एखादी जुनी लाकडी होडी उभी असते. मोटारीच्या मागे जोडून तिला समुद्रावर वा तळ्यावर नेण्यासाठी दोन चाकांचा गाडा, म्हणजे ट्रेलर, लागतो. हा गाडा लोखंडी असल्यामुळे खाऱ्या पाण्याने गंजून होडीच्या आधी निकामी होतो. मग घरधनी दुसऱ्या कोणाचा जुना गाडा विकत आणतो. तो गाडा निराळ्याच होडीसाठी घडविलेला असतो. त्याच्यावर आपली होडी बसविण्याचे काम सुटीच्या दिवशी, शेजाऱ्याच्या मदतीने, घरच्या अंगणातच करावयाचे असते. पाहणाऱ्यास हा दोन घटकांचा उद्योग वाटतो. परंतु या लहानशा कामात जो प्रश्न सोडवावा लागतो, तोच प्रश्न मिसर देशाच्या राजाच्या सुतारांपुढे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उभा होता, आणि तो जेथे नीट सुटला नाही तेथे उत्तम होड्या पाण्यात न बुडताही नष्ट झाल्या. हा प्रश्न काय आहे व निरनिराळ्या काळी लोकांनी तो कसा सोडविला, हे सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

पाण्याचा आधार व जमिनीचा आधार

होडी पाण्यावर तरंगते तेव्हा पाणी तिला एका ठिकाणी धरीत नाही. तळाच्या प्रत्येक फळीला, प्रत्येक वळणाला ते सारखे बिलगते आणि जेथे जेवढा भार असेल तेथे जवळजवळ तेवढाच आधार देते. म्हणूनच अर्ध्या इंचाहून कमी जाडीच्या फळ्यांची होडी चार माणसांना घेऊन लाटांवरून जाऊ शकते. तीच होडी जमिनीवर घेतली की पाण्याचा हा सर्वांगीण आधार नाहीसा होतो. आता तिचा सारा भार दोन-चार ठिकाणांवर येतो. ती ठिकाणे चुकीची असतील तर पातळ फळी आत दबते, सांधे उघडतात, पुढची व मागची टोके हळूहळू खाली झुकतात व मधला भाग वर येतो, किंवा याच्या उलट घडते. एकदा होडीचा आकार असा मोडला की तो पुन्हा सरळ करणे फार कठीण. शिडाच्या होडीची चाल तिच्या तळाच्या रेषेवर अवलंबून असल्यामुळे, रेषा गेली की होडीचा गुणच गेला.

आपल्या कोकणपट्टीत हे ज्ञान ग्रंथांतून आलेले नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी दर्या खवळू लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. ओढताना खाली लाकडी ओंडके घालतात, मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पुढे टाकतात, आणि होडी जागेवर आली की दोन्ही कुशींना टेकू देऊन ती उभी करतात. नंतर माडाच्या झापांनी ती शाकारतात. नारळी पौर्णिमेपर्यंत तिने अशा रीतीने कोरड्यावर राहावयाचे असते. टेकू कोठे द्यावा, कोठे देऊ नये, हे तेथील जाणत्या माणसाला डोळ्यांनी कळते. होडीच्या तळाशी लांबीभर गेलेला जो मुख्य कणा, त्यावर भार घ्यावा आणि कुशींच्या टेकूंनी फक्त तिचा तोल सांभाळावा, हा नियम तो कोणास शिकवीत बसत नाही. मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून तो शिकतो.

हा नियम लहान होडीपुरताच आहे असे नव्हे. इंग्लंडचे सुप्रसिद्ध युद्धजहाज ‘व्हिक्टरी’ हे १७६५ साली चॅथम येथे पाण्यात सोडले गेले. १८०५ सालच्या ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन याच जहाजावर मरण पावला. १९२२ साली ते पोर्टस्मथच्या कोरड्या गोदीत कायमचे आणून ठेवण्यात आले. तेथे ते पोलादी पाळण्यांवर उभे होते. शत्रूच्या तोफगोळ्यांनी ज्याचा नाश झाला नाही ते जहाज पुढील सुमारे शंभर वर्षांत केवळ स्वतःच्या वजनाने खचू लागले, कारण पाळण्यांची जागा पाण्याच्या आधाराशी जुळत नव्हती. अखेर अलीकडच्या वर्षांत जुने पाळणे काढून त्यांच्या जागी १३४ स्वतंत्र टेकू देण्यात आले. प्रत्येक टेकूवर किती भार येतो हे मोजण्याचे साधनही त्यास जोडलेले आहे, आणि त्याप्रमाणे टेकू कमी-अधिक करता येतो. पाणी जे काम आपोआप करीत असे, ते करण्यास एवढा खटाटोप करावा लागला. आमच्या मते या विषयाचे महत्त्व पटविण्यास एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे.

राजांचे गाडे

होडी गाड्यावर घालून जमिनीवरून नेल्याच्या ज्या अतिप्राचीन नोंदी आहेत, त्यांत मिसरचा राजा तिसरा थुतमोस याची नोंद प्रमुख आहे. इ. स. पूर्व पंधराव्या शतकात त्याने युफ्रेटीस नदीपलीकडच्या मितन्नी राज्यावर स्वारी केली. नदी उतरण्यास नौका हव्या होत्या आणि नदीकाठी योग्य लाकूड नव्हते. तेव्हा त्याने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ, बिब्लॉस नगराच्या परिसरात, देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या नौका बांधविल्या, त्या गाड्यांवर घातल्या आणि बैलांकडून ओढवीत युफ्रेटीसपर्यंत नेल्या. गेबेल बर्काल येथील शिलालेखात राजाने ही गोष्ट मोठ्या अभिमानाने कोरून ठेविली आहे. त्या गाड्यांवर नौका कशा बसविल्या, कोणी बसविल्या, याविषयी शिलालेख मौन धरतो. राजांच्या शिलालेखांत सुतारांना जागा मिळत नाही, हा अनुभव सर्व देशांतील आहे.

ग्रीस देशात इ. स. पूर्व ६००च्या सुमारास कॉरिंथच्या संयोगभूमीवर ‘डिओल्कोस’ नावाचा दगडी मार्ग बांधण्यात आला. त्यावरून चाकांच्या गाड्यांवर नौका व माल एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेत. त्या फरसबंदीत चाकांच्या खाचा आजही दिसतात. पुढे १४३९ साली व्हेनिसच्या लोकांनी लहानमोठ्या नौकांचा एक तांडा अदीजे नदीतून वर आणून, डोंगर ओलांडून गार्डा सरोवरात उतरविला. १४५३ साली कॉन्स्टॅंटिनोपलच्या वेढ्यात सुलतान दुसरा महंमद याने सुमारे ७० नौका चरबी माखलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपार नेऊन एका रात्रीत शत्रूच्या बंदरात आणल्या, ही कथा तर शाळेतील मुलांनाही ठाऊक असते.

या सर्व उद्योगांत एक गोष्ट समान दिसते. माणसे आणि बैल यांची वाण नव्हती, आणि नौका एकदा पलीकडे पोहोचली म्हणजे काम झाले, असा हिशेब होता. तीच नौका पुनःपुन्हा जमिनीवरून न्यावयाची, आणि तरीही तिचा आकार वर्षानुवर्षे टिकवावयाचा, हा विचार पुढे आला तो जीवरक्षक नौकांच्या निमित्ताने.

लिनमथची रात्र

इंग्लंडमध्ये बुडत्या जहाजांवरील लोकांना वाचविण्यासाठी १८२४ साली एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या नौका किनाऱ्यावरील घरांत गाड्यांवर सज्ज ठेवीत आणि प्रसंग येताच घोड्यांकडून वा माणसांकडून ओढवून पाण्यात लोटीत. प्रत्येक नौकेचा गाडा तिच्या मापाचा असे. परंतु मापाचा गाडा असूनही प्रसंगी काय करावे लागते, हे १२ जानेवारी १८९९च्या रात्री डेव्हन परगण्यातील लिनमथ या गावाने दाखवून दिले.

त्या संध्याकाळी ‘फॉरेस्ट हॉल’ नावाचे तीन डोलकाठ्यांचे जहाज पोरलॉकच्या उपसागरात तुफानात सापडल्याची तार आली. लिनमथच्या किनाऱ्यावर लाटा इतक्या प्रचंड होत्या की तेथून ‘लुइझा’ ही जीवरक्षक नौका पाण्यात सोडणे अशक्य होते. नौकेचा तांडेल जॅक क्रोकोम याने सुचविले की नौका गाड्यासह डोंगरावरून सुमारे १३ मैल ओढीत पोरलॉकच्या आडोशाच्या बंदरात नेऊ आणि तेथून सोडू. रात्र काळोखी, पाऊस व वारा यांचा कहर, आणि वाटेत काउंटिसबरीचा उभा चढ. सुमारे शंभर माणसे आणि अठरा-वीस घोडे या कामास लागले. चढावर गाड्याचे एक चाक निसटले, ते तेथेच बसवावे लागले. चढ संपल्यावर बरेच लोक घरी परतले आणि मूठभरच माणसे पुढे गेली.

पुढे जी अडचण आली ती आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. एका ठिकाणी दोन बांधांमधली वाट इतकी अरुंद झाली की नौका तिच्यातून जाऊ शकत होती, पण गाडा जाऊ शकत नव्हता. तेव्हा त्या अंधारात नौका गाड्यावरून उतरविण्यात आली. गाडा घोड्यांसह माळरानावरून वळसा घालून पाठविला, आणि नौका लाकडी पट्ट्यांवरून माणसांनी हातांनी ओढीत नेली. मागच्या पट्ट्या उचलून पुढे टाकावयाच्या, म्हणजे आमच्या कोकणातील ओंडक्यांचीच रीत. पलीकडे गाडा भेटल्यावर नौका पुन्हा त्यावर चढविली. पोरलॉकच्या भयंकर उतारावर साखळ्या व दोर मागे धरून गाडा आवरीत आणला. गावात एका घराच्या बागेची भिंत वाटेत आली, ती पाडली. एक झाड आडवे आले, ते तोडले. सकाळी साडेसहाच्या सुमारास नौका पाण्यात शिरली आणि ‘फॉरेस्ट हॉल’वरील १८ जणांपैकी एकाचाही जीव गेला नाही.

या कथेतील शौर्य सर्वत्र गाइले जाते. आम्ही वाचकांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. १३ मैल हिसके खाऊन, एकदा उतरवून व पुन्हा चढवून, ती नौका पोरलॉकला पोहोचताच भर तुफानात लोटण्याजोगी राहिली. सांधे ढिले झाले असते तर रात्रभराचा सारा पराक्रम त्या पहिल्या लाटेतच वाया गेला असता. गाडा घडविणारा सुतार, आणि अंधारात पट्टी नेमकी कण्याखाली टाकणारा मजूर, यांचेही या यशात मोल आहे.

अरण्यातून सरोवराकडे

पहिल्या महायुद्धात याहून दूरचा प्रवास घडला. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरावर जर्मनांच्या सशस्त्र नौका होत्या. त्यांना शह देण्यासाठी १९१५ साली ब्रिटिश आरमाराने ‘मिमी’ व ‘तुतू’ या ४० फूट लांबीच्या, महोगनी लाकडाच्या दोन मोटारनौका इंग्लंडहून जहाजाने केप टाउनला, तेथून आगगाडीने बेल्जियन काँगोतील फुंगुरुमे येथपर्यंत, आणि तेथून सुमारे १५० मैल डोंगर व अरण्य यांतून वाफेच्या ओढयंत्रांनी व बैलांनी ओढवीत नेल्या. वाटेत दीडशेच्या आसपास पूल बांधावे लागले. ऑक्टोबर १९१५च्या अखेरीस नौका सरोवरावर पोहोचल्या आणि २६ डिसेंबरला त्यांनी जर्मनांची ‘किंगानी’ ही नौका पकडली.

मोहिमेचा प्रमुख स्पायसर-सिमसन याच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. परंतु त्या मोहिमेची पहिली तयारी अगदी शहाणपणाची होती. नौका इंग्लंडचा किनारा सोडण्यापूर्वीच त्यांच्या तळाच्या आकाराचे पाळणे व गाडे करवून घेण्यात आले होते. आगगाडी असो, जहाज असो वा अरण्यातील वाट असो, नौका आपल्या पाळण्यातच राहावयाची. वाहन बदलले तरी होडीचे आसन बदलू द्यावयाचे नाही, हे तत्त्व येथे स्पष्टपणे पाळलेले दिसते. घरच्या अंगणात नव्या गाड्यावर जुनी होडी बसविणाऱ्यासही हेच तत्त्व उपयोगी पडते, हे पुढे दिसेल.

होडी घराच्या अंगणात आली

आतापर्यंतच्या कथा राजे, आरमारे आणि संस्था यांच्या आहेत. सामान्य गृहस्थाने स्वतःच्या आनंदासाठी होडी जमिनीवरून नेण्याची चाल एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. जॉन मॅकग्रेगर या गृहस्थाने १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची, सुमारे १५ फूट लांबीची व ओक लाकडाची वल्हवावयाची होडी बांधवून घेतली, आणि आगगाडी, शेतकऱ्याची गाडी, प्रसंगी माणसांचे खांदे यांच्या साहाय्याने ती युरोपातील एका नदीतून दुसऱ्या नदीत नेली. त्याचे प्रवासवर्णन १८६६ साली प्रसिद्ध झाले व फार वाचले गेले.

तथापि होडी खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या घरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात विमाने बांधण्यासाठी पाण्याने न सुटणारे गोंद व उत्तम प्लायवुड यांचा मोठा विकास झाला होता. हे ज्ञान युद्धानंतर होड्यांच्या कामी आले. जॅक होल्ट या आराखडेकाराने १९४९ साली ‘जीपी १४’ नावाची १४ फुटी होडी आखली. तिच्या आराखड्यामागे ज्या अपेक्षा होत्या, त्यांत लहानशा घरगुती मोटारीमागे ती ओढून नेता यावी, ही एक होती. म्हणजे होडी कागदावर असतानाच तिच्या गाड्याचा विचार झाला होता. ही गोष्ट नवी होती.

त्यापुढचे पाऊल १९६२ साली पडले. जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल यांनी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रासाठी ‘मिरर’ नावाची होडी तयार केली. लांबी १० फूट १० इंच, नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे १०० पौंड. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडावयाचे, आणि सांध्यांवर काचतंतूंची फीत राळेने चिकटवावयाची, अशी तिची कृती होती. १९६३च्या जानेवारीत लंडनच्या नौकाप्रदर्शनात ती लोकांपुढे आली. सुटे भाग घरी मागवून बांधावयाच्या या होडीची किंमत आरंभी ६३ पौंड ११ शिलिंग होती. कारकून, शिक्षक, कारखान्यातील कामगार यांनी घरच्या खोलीत, मोटारीच्या पडवीत या होड्या बांधल्या. जगभर त्यांची संख्या सत्तर हजारांवर गेली. ज्यांनी आयुष्यात पटाशी धरली नव्हती अशी कुटुंबे या एका होडीमुळे लाकडाच्या कामास लागली, हा तिचा आमच्या मते सर्वांत मोठा विजय होय.

पुढे काचतंतूंच्या होड्या स्वस्त झाल्या आणि लाकडी होड्या बांधण्याचे प्रमाण घटले. तथापि त्या पिढीत बांधलेल्या पुष्कळ होड्या अद्याप चांगल्या आहेत. त्यांचे मूळचे गाडे मात्र गेले. म्हणून आरंभी सांगितलेला प्रसंग आज अनेक घरांत उद्भवतो.

परक्या गाड्यावर आपली होडी

आता हे काम प्रत्यक्षात कसे करतात ते सांगितले पाहिजे, कारण कामाचा इतिहास कृतीवाचून अपुरा राहतो. वाचकांपैकी ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना यातील अर्धे शहाणपण आधीच अवगत आहे.

प्रथम गाड्याची ताकद पाहावी. होडी, शिडे, डोलकाठी आणि सामान मिळून जे वजन होईल ते गाड्याच्या चाकांना व कमानींना झेपले पाहिजे. ब्रिटनमध्ये स्वतंत्र ब्रेक नसलेल्या गाड्याचे भारासह वजन ७५० किलोपेक्षा अधिक असता कामा नये, असा कायदा आहे. परंतु गाडा फार दणकट असणे हाही दोषच होय. जड होडीसाठी केलेल्या कमानी हलक्या होडीखाली वाकतच नाहीत, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ फळ्यांपर्यंत पोहोचतो.

नंतर होडीचे आसन ठरवावयाचे. हे होडीकडे पाहून ठरवावे, गाड्याकडे पाहून नव्हे. होडीच्या आत जेथे आडवे भक्कम लाकूड आहे, जेथे बैठकीची फळी वा आतली भिंत तळाला मिळाली आहे, त्या ठिकाणांच्या बरोबर खाली बाहेरून आधार यावा. कण्याखाली दोन किंवा तीन रुळ अथवा ठोकळे देऊन सारा भार तेथे घ्यावा. अखेरचा आधार होडीच्या मागच्या उभ्या फळ्याखालीच असावा. तो फळा गाड्याच्या बाहेर अधांतरी राहिला आणि त्यावर इंजिन लटकत असले, तर होडीची मागची बाजू दर मैलाला थोडी थोडी वाकत जाते.

कुशींचे ठोकळे त्यानंतर करावेत. जुन्या गाड्याचे ठोकळे दुसऱ्या होडीच्या वळणाचे असल्यामुळे ते जसेच्या तसे वापरणे हा या कामातील सर्वांत घातक मोह आहे. जाड पुठ्ठ्याचा तुकडा कुशीजवळ उभा धरावा, पेन्सिल एका लहान लाकडी तुकड्याला टेकवून होडीच्या वळणाबरोबर फिरवावी, म्हणजे वळण पुठ्ठ्यावर उतरते. तो फर्मा लाकडावर ठेवून ठोकळा कापावा. ठोकळा बसला की त्याच्या तोंडावर खडू चोळून होडी त्यावर टेकवावी व उचलावी. खडू जेथे लागला असेल तेथेच स्पर्श आहे. सांधा जमविताना आपले कारागीर हीच युक्ती करतात. वळण सर्वत्र जमले की ठोकळ्यावर रबराचा पट्टा लावावा. गालिचाचा तुकडा मऊ खरा, पण तो पाणी धरून ठेवतो आणि त्याखाली लाकूड कुजते. ज्या होडीच्या फळ्या एकीवर एक चढविलेल्या असतात, तिच्या बाबतीत ठोकळा फळीच्या सपाट अंगावर यावा, तिच्या कडेवर येऊ नये.

आसन पक्के झाल्यावर तोल. भरलेल्या गाड्याचे मोटारीवर येणारे ओझे एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावे, असा तिकडील संकेत आहे. याहून कमी असले तर गाडा वेगात नागमोडी झोले घेऊ लागतो आणि अपघात होतो. फार जास्त असले तर मोटारीची मागची बाजू दबते. आपल्याकडे गाडी उलाळ झाली की बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो आणि पुढे जड झाली की खांद्यावर जू रुतते, तीच ही गोष्ट. तोल चुकला तर पुष्कळजण होडी गाड्यावर पुढेमागे सरकवितात. त्याने तोल साधतो, पण महत्प्रयासाने जुळविलेले आसन बिघडते. अनेक लहान गाड्यांचा आस ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी धरलेला असतो. ते सैल करून आसच पुढेमागे सरकवावा आणि होडी आपल्या जागी राहू द्यावी. ‘मिमी’ आणि ‘तुतू’ यांच्या पाळण्यांचे तत्त्व ते हेच. पुढच्या दांडीखाली घरगुती वजनकाटा ठेवून भार मोजता येतो.

शेवटी होडीची पुढची टोकदार बाजू जेथे टेकते तो खांब नव्या जागी आणावा, पट्टे आवळताना कडांखाली मऊ गादी द्यावी, आणि मैल-दोन मैल फिरवून आणल्यावर पुन्हा सर्व बोल्ट पाहावेत. घरी परतल्यावर होडी पुढून किंचित उंच ठेवून मागचे बूच काढावे, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. लाकूड कुजते ते विशेषतः गोड्या पाण्याने. खारे पाणी लोखंडास खाते, पण लाकडास त्या मानाने मानवते. पावसाळ्यात झापांनी होडी शाकारणारा आपला कोकणी माणूस आणि हिवाळ्यात कापडाचे आच्छादन घालून खालून वारा खेळता ठेवणारा तिकडचा गृहस्थ, या दोघांनाही हे ठाऊक असते.

या इतिहासापासून काय घ्यावे

वाचक विचारतील की आपल्याकडे किती घरांच्या अंगणात अशा होड्या आहेत? फार थोड्या, हे खरे. पण या विषयात आपले जे अडकले आहे ते निराळे आहे. कोकण किनाऱ्यावरील लाकडी होड्या परंपरेने कागदी आराखड्यावाचून बांधल्या गेल्या. माप बांधणाऱ्याच्या डोळ्यांत आणि हातांत असे. आज तेथेही काचतंतूंच्या होड्यांनी मोठी जागा घेतली आहे, आणि लाकडी होडी बांधणारे हात कमी होत आहेत. अशा वेळी जुनी होडी म्हणजेच तिचा आराखडा असतो. ती किनाऱ्यावर दोन दगडांवर कशीतरी पडून राहिली, तर चार-सहा पावसाळ्यांत तिचे वळण मोडते, आणि त्या वळणाबरोबर ते बांधणाऱ्याची विद्याही जाते. तीच होडी कण्यावर भार घेऊन, कुशींना नेमके ठोकळे देऊन, शाकारून ठेवली, तर पुढील पिढीतील एखादा जिज्ञासू मुलगा फर्मा लावून तिचे वळण कागदावर उतरवू शकेल.

आपल्या ज्ञातीतील तरुण आज अभियांत्रिकी, वैद्यक, व्यापार अशा नाना क्षेत्रांत नाव काढीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी पुन्हा वाकस हाती धरून त्यावरच पोट भरावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. परंतु कोकणात ज्यांची घरे आहेत, त्यांनी या सुटीत गावी गेल्यावर किनाऱ्यावरील एखादी जुनी होडी पाहावी, तिच्या मालकाची परवानगी घेऊन चार ठिकाणी तिच्या कुशीचे वळण पुठ्ठ्यावर घ्यावे, कण्याची लांबी मोजावी, बांधणाऱ्याचे नाव आणि गाव विचारून टिपून ठेवावे. या कामास एक दिवस पुरतो आणि खर्च पुठ्ठ्याचा. मिसरच्या राजाने आपल्या सुतारांची नावे शिळेवर कोरली नाहीत. आपण आपल्या कारागिरांची नावे निदान वहीत तरी लिहून ठेवू, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे.